चष्म्याच्या दुकानातली त्रेचाळीस माणसं

सांगा बरं, चष्म्याच्या एका दुकानात त्रेचाळीस माणसं राहतील का? तुम्ही हसलात ना? मी नाही हसलो. मी मुकाट्याने मोजली.

मी एचआयव्हीचा नकाशा बोलतोय. कागदावरचा नाही, संगणकातला. कोणत्या भागात संसर्ग किती आहे आणि पुढे किती पसरेल, याचा अंदाज मी बांधतो. आकडेवाल्या बाईंनी मला घडवलं. तपासणी कितीजणांची झाली, गोळ्या कितीजण घेतात, कामाला कोण कुठे जातं, सगळं मला भरवलं. जास्त संसर्ग तिथे लाल, कमी तिथे फिकट. शहर लालबुंद झालं, खोरं फिकट राहिलं. मी स्वतःवरच खूश!

आरोग्य खात्याचे साहेबही खूश. "चला, खोऱ्यातली तपासणीची खोली बंद करू. तिथे कुणी फिरकतच नाही."

हे कळताच खोऱ्यात तपासणी करणाऱ्या सिस्टर तडक ऑफिसात आल्या. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की माझा रंगच उडाला.

"साहेब, माझ्याकडे कोण येणार? अर्धं खोरं मला मावशी म्हणतं. मावशीपुढे या तपासणीला हात पुढे करायचा? दोन बस बदलून शहरात जातात. बसमध्ये मी दिसले, की सगळ्यांना अचानक खिडकीबाहेर बघायचं असतं! ज्यांना तेवढं जाणं जमत नाही, ते तपासून घेतच नाहीत. पार आजारी पडल्यावर कळतं."

"पण पत्ते तर शहरातले आहेत," बाई म्हणाल्या. "हे बघा, एकाच पत्त्यावर त्रेचाळीसजण."

"अहो, ते चष्म्याचं दुकान! शहरातल्या तपासणीच्या खिडकीतून त्याची पाटी दिसते. पत्ता विचारला, की तीच वाचून दाखवतात."

बाईंनी कपाळावर हात मारला. मला कपाळ असतं, तर मीही मारला असता.

मग त्यांनी ते पत्ते बाजूला काढले आणि बसने येणारा माणूस खोऱ्यातला, हे मला नव्याने शिकवलं. खोरं हळूहळू लाल होत गेलं. साहेबांनी चष्मा पुसून पुन्हा माझ्याकडे पाहिलं.

"म्हणजे खोली चालू ठेवायची?"

"खोली ठेवा, मला हलवा," सिस्टर म्हणाल्या. "जिला तिथे कुणी ओळखत नाही, अशी कुणीतरी पाठवा."

एवढं बोलून त्यांनी डोळ्यांना पदर लावला. वीस वर्षं होत्या त्या तिथे.

बाबांनो, मला आकडे जरूर द्या. पण माणूस कुठून आला आणि का आला, तेही कानात सांगत जा. मी हिशेबात पक्का आहे, लाजणं मात्र मला मोजता येत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी शहरातली सिस्टर खोऱ्यातल्या खोलीत येऊन बसली, आणि साडेदहापर्यंत चौघांनी तपासणी करून घेतली.