सिंगापूर कोणी घालवलं?

दोन हजार पाच सालचा फेब्रुवारी. सिंगापुरातल्या तोआ पायोह भागातल्या फ्लॅटमध्ये जेवणं उरकली आणि नंदाचा नवरा अभय आणि त्याचा मित्र सारंग यांची जुंपली. बेचाळीस साली इंग्रजांनी सिंगापूर जपान्यांच्या हाती घालवलं, त्याला जबाबदार कोण?

“चर्चिल!” अभयने टेबलावर थाप मारली. “पंतप्रधान होता ना? वर बसणाऱ्याने हात झटकायचे नाहीत!”

“काहीतरीच! लंडनमध्ये बसून तो काय करणार? इथल्या सेनापतींनी माती खाल्ली,” सारंगही हटेना.

पपई कापता कापता नंदा थबकली. तिला भलतंच कुतूहल वाटलं. गेल्या गणपतीत मंडळाचे मोदक अर्ध्या रांगेतच संपले, तेव्हा अध्यक्ष अभय ‘प्रसाद सारंगकडे होता’ म्हणून मोकळा झाला होता. आणि सारंग ‘अध्यक्षांनी माणसंच दिली नाहीत’ म्हणून महिनाभर रुसला होता. मग आज दोघं एकमेकांची बाजू कशी काय लढवत होते?

तिने सरळ विचारलंच.

“मोदकांचं वेगळं गं,” अभय पुटपुटला. सारंगनेही घाईघाईने मान डोलावली.

“वेगळंच,” फोडी पुढे सरकवत नंदा म्हणाली. “सिंगापूर तुम्ही दोघांनी नव्हतं ना घालवलं!”