आठव्या बशीतलं रोप

आत्या तीन आठवडे राहायला आली, त्याच संध्याकाळी मी तिच्यासमोर वाळवलेल्या रोपांचे बत्तीस कागद मांडले. वनस्पती संग्रहालयात माझं कामच ते. रोप दाबून वाळवायचं, कागदावर चिकटवायचं, खाली शास्त्रीय नाव लिहायचं.

वस्तीवरच्या शाळेचे मास्तर आमच्या भाषेतलं पहिलं पुस्तक काढत होते. पानावर एक झाड, खाली त्याचं नाव. धरणासाठी वस्ती हलवली तेव्हा जंगल मागे राहिलं आणि पाण्याखाली गेलं. आता ती नावं एकट्या आत्याला येत होती.

आत्याने पहिला कागद पाहून तोंड फिरवलं.

"हे मेलंय."

"वाळवलंय गं, आत्या."

"उद्या तुला वाळवली तर हाक मारू का? एवढी शिकलीस, अक्कल कुठे सांडलीस?"

आमच्यात झाडाचं नाव ते जिवंत समोर असतानाच घेतात. लहानपणी मीही हे पाळायचे. नऊ वर्षं वसतिगृहात आणि प्रयोगशाळेत गेली आणि मी ते विसरले; विसरले हेही मला कळलं नव्हतं.

मग मी परवानगी काढून संग्रहालयाच्या थंड खोलीतून प्रत्येक जातीच्या पाच-पाच बिया आणल्या. बत्तीस बशांत ओला टिपकागद, त्यावर बिया. खिडकी, कपाट, ओटा, सगळीकडे बशा. दिवसभर मी कामावर, आत्या बशांपाशी.

"तुझ्या मजल्यावर माणसं राहतात की नुसती कुलपं?" एकदा तिने विचारलं. "सकाळपासून बोलायला या बियाच."

"काय म्हणतात?"

"तुझ्यापेक्षा जास्त बोलतात."

नवव्या दिवशी पहिला कोंब आला. दोनच पानं, एवढ्यावरून मला जात सांगता आली नसती. आत्याने वाकून वास घेतला आणि झोपलेल्याला उठवावं तसं हळूच नाव घेतलं. मी ते लिहिलं. पुढच्या दहा दिवसांत आणखी सहा नावं मिळाली. बाकीच्या बिया जुन्या होत्या, बहुतेक कुजल्या.

शनिवारी आत्या गेली. रविवारी सकाळी आठव्या बशीत कोंब दिसला.

मी फोन लावून कॅमेरा त्याच्यावर धरला.

"बघ आत्या, जिवंत आहे!"

तिने नाक फोनजवळ आणलं. "काचेतून वास येतो का, पोरी? घेऊन ये त्याला."

जाऊन-येऊन दोन दिवसांचा प्रवास, आणि मला रजा महिनाअखेरीला. मी मास्तरांना फोन केला.

"थांबता येईल का?"

"उद्या छपाई आहे, ताई. सात तर सात. मुलं चार वर्षं वाट बघतायत."

पुस्तक सात पानांचं निघालं. मी रोप कुंडीत लावलं, रोज मोजून पाणी घातलं, तापमान टिपलं. गुरुवारी कामावरून आले तर देठ मातीवर आडवा पडला होता.

सवयीने मी दाबायचा कोरा कागद काढला. पेन उघडलं. बिया आणल्या तेव्हाच पाकिटावर वाचलेलं त्याचं शास्त्रीय नाव मला तोंडपाठ होतं.

मी ते लिहिलं नाही. मनातही घेतलं नाही. बशा धुऊन पालथ्या घातल्या. बाहेर जिन्यात कुणीतरी कुलूप उघडत होतं.