आठ नंबरचं पार्किंग

"काका, राग मानू नका, पण ही जागा गाडीसाठी आहे," अनिमेष म्हणाला. सोसायटीचा सेक्रेटरी असला तरी मुलगा सभ्य होता. ऑफिसची बॅग पाठीवर तशीच ठेवून तो बोलत होता, आणि नजर मात्र सारखी त्या पार्किंगमध्ये मांडलेल्या खुर्च्यांवरून फिरत होती. "तुम्ही गाडी विकलीत त्याला वर्ष झालं. तिसऱ्या मजल्यावरच्या प्रितमने नवी घेतलीय, ती बिचारी रस्त्यावर उभी असते. परवा कुणीतरी आरसा तोडला. नियमाने रिकामी जागा त्याला जायला हवी."

"बरोबर आहे," सुधीर कर्णिक म्हणाले. ठाण्याच्या एका कारखान्यात त्यांचा जन्म नकाशे काढण्यात गेला होता. रेघ हलली की त्यांना झोप लागत नसे. "रविवारच्या मीटिंगमध्ये विषय घ्या. मी जागा सोडतो."

शेजारच्या खुर्चीत त्यांची बायको मंदाकिनी मान खाली घालून वाल सोलत होती. तिला यातलं काही समजलं नाही. पलीकडे बसलेल्या आवडाबाईंना मात्र सगळं समजलं.

मंदाकिनीने नौपाड्यातल्या शाळेत पहिलीच्या कितीतरी वर्गांना अक्षरं गिरवायला शिकवली होती. आता तिचीच अक्षरं पुसत चालली होती. चौथ्या मजल्यावरच्या घरात दुपार उतरायला लागली की ती दाराशी जाऊन उभी राही, कडी हलवी, रडकुंडीला येई. एकदा सुधीररावांनी वैतागून तिला खाली आणलं. स्कूटरवाल्यांच्या वाटेत नको म्हणून आपल्याच रिकाम्या पार्किंगमध्ये खुर्ची टाकून दिली. समोर फाटक होतं. कुरियरवाले, भाजीची पिशवी सांभाळत येणाऱ्या बायका, शाळेतून सुटलेली पोरं. मंदाकिनी ते बघत बसली आणि संध्याकाळपर्यंत उठली नाही. दुसऱ्या दिवशी सुधीररावांनी स्वतःसाठीही खुर्ची आणली, आणि कुणी विचारलंच तर म्हणून हातात पेपर धरला.

तिसरी खुर्ची आवडाबाईंची. कोपर गावात ही इमारत उभी राहिली ती त्यांच्या सासऱ्याच्या भातशेतावर. तरुणपणी त्यांनी मिठागरात मीठ गोळा करायची फळी ओढली होती. आता पहिल्या मजल्यावर मुलासुनेबरोबर गुळगुळीत फरशीच्या घरात राहत होत्या.

"घरान मना करमत नाय," पहिल्याच दिवशी त्या म्हणाल्या. "टीवी बोलतं, आपुन आयकाचं. आपुन बोललं तं कोन आयकतं?"

सोबत त्यांनी भिजवलेल्या वालांचं पातेलं आणलं होतं. न विचारताच त्यांनी एक ताट मंदाकिनीच्या मांडीवर ठेवलं.

"तिला नाही जमणार हो. ती विसरते," सुधीरराव अवघडून म्हणाले.

"जमंल तवरं जमंल. नाय जमलं तं मी हाय ना."

मंदाकिनीने दाणा उचलला, दोन बोटांत दाबला. साल निघून पांढरी डाळिंबी टपकन ताटात पडली. मंदाकिनी त्या डाळिंबीकडे बघून हसली. घरात ती हसून किती महिने झाले होते, ते सुधीररावांना आठवेना.

मग खुर्च्या वाढत गेल्या. दुसऱ्या मजल्यावरची स्वप्ना तान्ह्या मुलीला फिरवायला खाली यायची. ती टेकायला लागली. पुढे तिने सोडलेली दवाखान्यातली नोकरी अर्ध्या वेळेसाठी पुन्हा धरली, कारण दुपारी मुलगी आवडाबाईंच्या मांडीवर झोपायची. एका दुपारी सुधीरराव औषध आणायला वर गेले तेवढ्यात मंदाकिनी फाटकाबाहेर पडली. ते धापा टाकत धावले, तर कोपऱ्यावरचा इस्त्रीवाला तिला हाताला धरून सावकाश परत आणत होता. "आठ नंबरवाल्या बाई ना?" तो म्हणाला. या इमारतीत इतकी वर्षं राहून त्यांना असं कुणी ओळखलं नव्हतं.

मंदाकिनी त्यांनाही अधूनमधून विसरायची. एकदा अगदी नम्रपणे तिने विचारलं, "तुम्ही इथेच राहता का हो?"

"हो. चौथ्या मजल्यावर."

"बरं आहे. इथली माणसं चांगली आहेत," ती म्हणाली, आणि पुन्हा फाटकाकडे बघू लागली. सुधीररावांनी पेपर उघडून तोंडासमोर धरला.

ठरल्याप्रमाणे रविवारी फाटकाजवळच्या मोकळ्या जागेत मीटिंग भरली. विषय आला तसे सुधीरराव उभे राहिले. "माझ्याकडे गाडी नाही. नियम सगळ्यांना सारखा," एवढंच बोलून बसले. बोलायचं त्यांनी घरून बरंच ठरवून आणलं होतं.

"थांब रं," मागून आवडाबाई उठल्या. "आमची दोन पार्किंगा हायेत. एक त्या प्रितमला दे. आन ही आठ नंबर माझे नावावर लिव."

"आई!" त्यांचा मुलगा दिपेश चपापला. "अगं, ती दुसरी आपल्याला लागणार आहे. मी नवीन गाडी बुक करतोय, माहितेय ना तुला?"

"तुझी गारी उभी रवाला जागा गावंल. मी कुठं बसू?" आवडाबाईंचा आवाज चढला नव्हता. "या सगल्या जमिनीन मी भात लावलाय, कंबर मोरंस्तवर. बिल्डिंग झाली, मी काय बोलले काय? आता मना बसाला एवरीशी जागा पायजे."

प्रितम पुटपुटला, "आजी, राहू दे, मी बघतो कुठेतरी." दिपेश बराच वेळ मोबाइल हातात फिरवत राहिला. मग अनिमेषकडे न बघताच म्हणाला, "लिही. आई बोलते तसं लिही."

"मग अदलाबदल म्हणून नोंदवतो," अनिमेष म्हणाला, आणि त्याच्या चेहऱ्यावरचा ताण जरा सैल झाला.

थंडी सरता सरता मंदाकिनी गेली. छातीत कफ झाला, दवाखान्यात नेलं, आणि चार दिवसांत सगळं आटोपलं. दिवसकार्य झाल्यावर मुलगी श्रिया पुण्याला परतताना म्हणाली, "बाबा, तुम्ही चला माझ्याबरोबर." ते "बघू" म्हणाले.

दुपार झाली की खालचे आवाज चौथ्या मजल्यापर्यंत यायचे. स्वप्नाची मुलगी आता बोबडं बोलू लागली होती. सुधीरराव खिडकी लावून घ्यायचे. इतके दिवस ते बायकोला घेऊन जात होते. आता कुणाला घेऊन जाणार? नुसतंच जाऊन बसायचं म्हणजे कोण म्हणून बसायचं?

एका दुपारी बेल वाजली. दारात आवडाबाई. लिफ्टला घाबरून त्या जिन्याने चढून आल्या होत्या आणि चौकट धरून दम घेत होत्या.

"दादा, पाय मोरला काय तुमचा?"

"तसं नाही हो. आता मी तिथे कशाला?"

"आमी तरी कशाला बसताव?" त्या म्हणाल्या. "चला. मना उतराला हात द्या."

एकेक पायरी घेत दोघं खाली आली. खुर्चीत एक अनोळखी म्हातारा ताठ बसला होता. प्रितमचे वडील. गेल्या महिन्यात बायको वारली म्हणून मुलाने त्यांना साताऱ्याकडच्या गावाहून इथे आणलं होतं. डोक्याला टोपी, मांडीवर कापडी पिशवी, तिचे बंद दोन्ही हातांनी घट्ट धरलेले. जणू आता कुणी हाक मारली की उठून निघायचं. काल आला तेव्हाही तो कुणाशी बोलला नव्हता, असं स्वप्नाने खुणेने सांगितलं.

सुधीरराव त्याच्या शेजारी बसले. थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, "तुमच्याकडे या दिवसांत शेतात काय असतं?"

फाटकातून एक सायकल आत आली, एक रिक्षा वळून गेली. सुधीररावांना घाई नव्हती.

"हरभरा," बऱ्याच वेळाने म्हातारा म्हणाला. "काढाय आला आसंल आता."

आणि मांडीवरची पिशवी उचलून त्याने खाली पायाशी ठेवली.