भूपातला मध्यम

भगवंतराव एकतीस वर्षं व्हायोलिनवर गायकांची साथ करत होते. त्यातली निदान पंचवीस वर्षं ते काचीगुड्यातल्या ओळखीच्या प्रत्येक माणसाला सांगत होते, की हैदराबादेत एकल वादनाची संधी कुणी देतच नाही. तक्रार खरी होती. ती सोयीचीही होती, हे मात्र त्यांना शहाण्णव सालच्या फेब्रुवारीत कळलं.

मराठी मंडळाच्या कार्यक्रमाला पुण्याहून एक गायक येणार होते. साथीला भगवंतराव होते आणि खर्च पेजर विकणाऱ्या एका नव्या कंपनीचा होता. कार्यक्रम रविवारी, आणि गुरुवारी गायकांचा निरोप आला, की एका नव्या वाहिनीचं रेकॉर्डिंग लागलंय, जमणार नाही. मंडळाचे चिटणीस हिम्मतराव बेगम बाजारातलं आपलं मसाल्याचं दुकान भर दुपारी बंद करून भगवंतरावांकडे आले. चिक्कडपल्लीचं सभागृह ठरलं होतं, फलक रंगवून झाला होता. गायकाचं नाव पुसून साथीदाराचं मोठं करायला पेंटर तयार होता.

"तुम्ही एकटेच वाजवा," हिम्मतराव म्हणाले. "इतकी वर्षं संधी नाही, संधी नाही म्हणता. आता आली तर नक्को?"

भगवंतराव हौ म्हणाले. दुसरं काही म्हणायची सोय त्यांनी स्वतःच ठेवली नव्हती.

शुक्रवारी ते रियाजाला बसले. त्यांच्या पत्नी इंदुताई आतल्या खोलीत मेथी निवडत होत्या. बाहेरून एक ओळ ऐकू यायची, मग शांतता, मग दुसरी ओळ, पुन्हा शांतता. अर्धी जुडी झाल्यावर त्या दारात आल्या.

"अहो, हे टेलिफोनवर बोलल्यासारखं काय वाजवताय? तुमचं ऐकू येतं, पलीकडच्याचं येत नाही."

भगवंतरावांनी लक्ष देऊन वाजवून पाहिलं. बाईंचं बरोबर होतं. प्रत्येक ओळीनंतर त्यांचा गज आपोआप थांबत होता आणि तिथे नसलेल्या गायकाला जागा करून देत होता. एकतीस वर्षं त्यांनी दुसऱ्याने म्हटलेली ओळ उचलली होती, तिचं शेवटचं टोक परतवलं होतं. घरातही त्यांचं तेच होतं. इंदुताई जेवायला चला म्हणाल्या, की ते चला म्हणून उठत. पहिली ओळ स्वतः काढायची वेळ त्यांच्यावर फक्त शिकवताना यायची, आणि शिकवणं म्हणजे काही वादन नव्हे, असं त्यांचं पक्कं मत होतं.

शनिवारी त्यांनी शिल्पाला बोलावून घेतलं. ती नऊ वर्षं त्यांच्याकडे शिकत होती. वर्गातली निम्मी मुलं कीबोर्डकडे गेली होती; शिल्पा सकाळी कॉम्प्युटरच्या क्लासला जाऊनही संध्याकाळी यायची. त्यांनी बेत सांगितला. तिने मागे बसून हळू गुणगुणायचं, ते ऐकून ते वाजवतील. शिल्पाने गायला साफ नकार दिला. तू फक्त वाजव, तोंड उघडू नकोस, असं सरांनीच पहिल्या वर्षी सांगितल्याची आठवण तिने नम्रपणे करून दिली. शेवटी तिनेही व्हायोलिनच घ्यायचं ठरलं. ओळ ती काढणार, सर उचलणार, आणि लोकांना काही समजणार नाही. आपल्याच एकल वादनात आपल्याच विद्यार्थिनीची साथ करण्याचा हा बेत आखून भगवंतराव त्या दिवशी निवांत जेवले.

रविवारी संध्याकाळी एकशेचाळीस खुर्च्यांपैकी सत्त्याण्णव भरल्या. कंपनीचे मॅनेजर हर्षद पुण्याहून नुकतेच बदलून आले होते. ते पेजरविषयी दोन मिनिटं बोलणार होते, नऊ मिनिटं बोलले. तबल्यावर किशोर होता. भगवंतरावांनी मांडी घालून व्हायोलिनचं टोक घोट्यावर टेकवलं आणि सूर जुळवायला घेतले. जुळलेले सूर ते आणखी पाच मिनिटं जुळवत राहिले. मग हिम्मतरावांनी घड्याळाकडे पाहिलं, आणि भगवंतरावांनी मागे वळून शिल्पाला मान डोलावली.

तिने भूप सुरू केला. पहिली ओळ तिने काढली, त्यांनी उचलली. दुसरीही तशीच. मुख्य कलाकार कोण, याबद्दल तिसऱ्या रांगेत कुजबुज सुरू झाली. तिसऱ्या ओळीत शिल्पाने मध्यम लावला.

भूप हा पाच स्वरांचा राग. त्यात मध्यम नाही, हे पहिल्या वर्षाच्या पोरांनाही पाठ असतं. आणि हा काही निसटता लागलेला नव्हता; चांगला लांब, सरळ, स्वच्छ मध्यम होता.

गायकांच्या चुका भगवंतरावांनी जन्मभर सांभाळून घेतल्या होत्या. पण ही गायक नव्हती, शिल्पा होती. ते अर्धे वळले. समोर माईक आहे, हे विसरले.

"काय वाजवलंस?"

शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू गेलं.

"चुकलं, सर."

"ऐक."

आणि त्यांनी वाजवून दाखवलं. गंधारावरून पंचमाला कसं जायचं, एकदा सरळ, एकदा रेंगाळत, एकदा वाटेत थांबून. शिल्पाने उचललं. पुन्हा, असं म्हणून ते पुढे गेले, तिच्यासाठी थांबले, तिला घेऊन आणखी पुढे गेले. आपण वर्गात नाही, हे त्यांच्या लक्षात आलं तेव्हा किशोरने तबल्यावर ठेका धरला होता आणि थांबायला उशीर झाला होता. तास-सव्वा तास ते वाजवत राहिले. मध्ये दोनदा माईकवरून "मनगट सैल सोड" असं ऐकू आलं. हर्षद शेजारच्यांना म्हणाले, की कार्यक्रम फार इंटरॅक्टिव्ह आहे.

टाळ्या बराच वेळ वाजल्या. आत आल्यावर हिम्मतराव म्हणाले, की कलाकाराने रागवावं आणि लोकांनी वन्समोअर द्यावा, असं मंडळात पहिल्यांदाच घडलं. भगवंतरावांना मात्र तो मध्यम अजून टोचत होता.

"नऊ वर्षं झाली. कुणाला सांगू नकोस, माझ्याकडे शिकतेस म्हणून."

"घाबरले, सर," तारांवरची राळ पुसत शिल्पा म्हणाली. प्रेक्षकांतून उठून आत आलेल्या इंदुताईंनी तिच्याकडे नीट पाहिलं. पोरगी घाबरलेली वगैरे काही दिसत नव्हती.

तेवढ्यात हर्षद आले. मार्चमध्ये सिकंदराबादच्या ऑफिसचं उद्घाटन होतं, तिथे दोघांनीही यावं, असं म्हणून पत्रिकेवर नावं कशी टाकायची ते त्यांनी विचारलं.

"वादन माझं," भगवंतराव म्हणाले. "साथ हिची. आणि या खेपेला मध्यम लागणार नाही."

शिल्पाने व्हायोलिन पेटीत ठेवलं.

"तुम्ही सुरुवात केलीत तर नाही लागणार, सर."