घाम वाळेपर्यंत

गाडी वाटेल तिथे बंद पडे. डीलरच्या दारात मात्र ती कधी बंद पडली नाही. धाकट्याचं सगळं दुखणं तेवढंच होतं.

"काका, लोण्यासारखी चालतेय," फाटकाबाहेर चक्कर मारून आलेला डीलर त्याच्या हातावर किल्ली ठेवत म्हणाला. "कुठे बंद पडते म्हणता?"

"पुलावर. चढाला. बराच वेळ चालवली की."

"मग आमच्याकडे आली की बरी शहाण्यासारखी वागते! अहो, जुनी गाडी म्हणजे जुनं माणूस. ओळख व्हायला वेळ लागतो."

धाकट्याने मान हलवली. तो पुस्तकं बांधायचा. उभा जन्म त्याने डिंक, दोरा आणि पुठ्ठ्याशी काढला होता, आणि त्यातल्या कुणी त्याला उलट प्रश्न केला नव्हता. डीलरचा राग यावा, असं त्याला वाटायचं. पण राग येत नव्हता. हल्ली काहीच येत नव्हतं. भूक लागली की नाही, तेही जेवायला बसल्यावर कळे.

घरी ताईने विचारलं, "काय म्हणाला?"

"काही दोष नाही म्हणाला."

"बरं," ताई म्हणाली आणि शिलाई मशीनवर पुन्हा खाली वाकली. दोघं भावंडं एकाच घरात राहत. बोलणं मात्र भाजी, दूध आणि दिव्याच्या बटणापुरतं उरलं होतं.

गाडी घेतली होती आईसाठी. तिला खिडकीतून बाहेरचं दिसावं म्हणून मागच्या सीटवर ताईने जाड उशी शिवून घातली होती. नवलाई संपायच्या आतच एका दुपारी आईच्या छातीत कळ आली. ताई कामावर होती. धाकट्याने आईला उशीवर बसवलं आणि गाडी काढली. पुलाच्या चढावर इंजिन गप्प झालं. तो किल्ली फिरवत राहिला, मागचे हॉर्न वाजवत राहिले. शेवटी एका टेम्पोवाल्याने आईला उचलून आपल्या टेम्पोत घेतलं. नंतर डॉक्टर म्हणाले, लवकर आणलं असतं तरी वाचल्या असत्या असं नाही, आणि नसत्या असंही नाही.

दवाखान्याच्या बाकावर ताईने एकच प्रश्न विचारला होता. "क्लच नीट दाबला होतास ना?"

तो 'हो' म्हणाला होता. पण गाडी तो उतारवयात शिकला होता, आणि त्या वेळी आपले पाय कुठे होते ते त्याला खरंच आठवत नव्हतं. त्याला पैसे परत नको होते, दुसरी गाडीही नको होती. गाडी आपली आपण बंद पडते, एवढं कुणीतरी ताईच्या देखत म्हणायला हवं होतं. ते डीलरच म्हणू शकत होता, आणि तो तर कानावर हात ठेवून बसला होता.

त्या आठवड्यात ताई सुट्टीच्या दिवशी म्हणाली, "चल, मी येते. बघू तरी तुझा लोणीवाला."

ती मागे, उशीवर बसली. डीलरचं दुकान एका वळणावर राहिलं तेव्हा धाकट्याने गाडी गल्लीत भिंतीच्या सावलीला घेतली, बंद केली, फडकं काढलं आणि बॉनेट पुसायला लागला.

"हे काय रे?"

"काही नाही. जरा थांबतोय."

"का?"

"दारात जायच्या आधी..." तो अडखळला. "दर वेळी थांबतो मी."

"किती वेळ?"

"हाताला गार लागेपर्यंत."

ताई बघतच राहिली. लहानपणी कुणाकडे जायचं असलं की आई दोघांना जिन्याखाली उभं करी. श्वास खाली बसला, कपाळावरचा घाम वाळला, की मग वर. धापा टाकत कुणाच्या दारात उभं राहायचं नाही, असा तिचा कायदा होता. ताईला तो जाच वाटे. धाकट्याच्या मात्र तो अंगात इतका मुरला होता, की त्याने तो गाडीलाही लावला होता.

"अरे वेड्या," ताई हळूच म्हणाली. "तू आजाऱ्याला बरं करून डॉक्टरकडे नेतोयस."

त्याच्या हातातलं फडकं तसंच राहिलं.

"बस आत. पुलावरून फिरवून आण. आणि आता मध्ये कुठेही थांबायचं नाही."

तो निघाला. पुलावर गर्दी होती. गाडी मुंगीच्या पावलाने सरकत होती, इंजिनाच्या तापमानाचा काटा वर चढत होता. ताई दोन सीटच्या मधून पुढे वाकली होती. तिला रस्ता बघायचा असेल असं त्याला आधी वाटलं. मग कळलं, ती त्याच्या पायांकडे बघतेय. तो पूल उतरला, परतला, पुन्हा उतरला, तरी तिची नजर हलली नाही. त्याला वाईट वाटायला हवं होतं. त्याने फक्त गिअर बदलला.

डीलरच्या फाटकात पुढची चाकं आत गेली आणि इंजिन गप्प झालं.

डीलर धावत आला. खिडकीतून हात घालून त्याने स्वतः किल्ली फिरवली. एकदा, मग पुन्हा पुन्हा. नुसती घरघर. मागे एका गिऱ्हाईकाने हॉर्न वाजवला.

"ही बंद पडते, काका," डीलर ओशाळून म्हणाला. "आपली आपणच पडते. सोडा, मी परत घेतो. आता उतरा, ढकलू तिला, फाटक अडलंय."

"ढकलू नका," ताई म्हणाली. "गार होऊ दे."

"अहो ताई, मागे लोक..."

ताईने काच वर केली. डीलर बाहेरून बोटाने टकटक करत राहिला.

"असंच झालं होतं?" तिने विचारलं.

"असंच."

मागचा हॉर्न थांबला, पुन्हा सुरू झाला. आता हलकं वाटेल, रडू येईल, म्हणून धाकटा वाट बघत बसला. काहीच आलं नाही. पाठीवर घाम मात्र थंड होत होता.

"पाय बरोबर होते तुझे," ताई म्हणाली.

त्याने खाली पाहिलं. एक पाय ब्रेकवर, एक क्लचवर, दोन्ही तळापर्यंत दाबलेले. दुखायला लागले होते.

"काढ आता पाय," ताई म्हणाली.