आधी बोलायचं, मग फासे

प्लास्टिकच्या शिपायाच्या उजव्या कोपराला बुरशी आल्यासारखी दिसत होती. नखाने खरवडून ती निघेना. संचिताने त्याला खिडकीपाशी नेऊन भिंगातून पाहिलं. बुरशी नव्हती. पिठासारखा बारीक थर होता, सांध्याशी दाट आणि मनगटाकडे विरळ होत गेलेला. सुपरग्लूची वाफ हवेतल्या ओलाव्याला भेटली की असा पांढरा थर बसतो, हे तिला माहीत असायला हवं होतं. मालवणच्या कॉलेजात ती रसायनशास्त्र शिकवत होती आणि ओलाव्याने कुठली रसायनं बिघडतात यावर दरवर्षी एक अख्खा तास घेत होती. वर्गात जे तोंडपाठ, ते घरच्या टेबलावर वेळेला आठवलं नाही, आणि त्याचा राग शिपायावर निघाला.

"मर," ती म्हणाली आणि तिने त्याला पालथा घातला.

हे सगळं लचांड तिच्या भावाने, ओंकारने, घरात आणलं होतं. चतुर्थीला पुण्याहून आला तो एक जाडजूड खोका घेऊन. आत टेबलावर खेळायचं युद्ध होतं. एक फौज चिलखतातल्या शूरवीरांची, दुसरी सुळेवाल्या हिरव्या राक्षसांची. "ताई, तू आणि बाबा शिकून ठेवा. दिवाळीत आलो की खेळू. एकदम सोपं आहे," असं म्हणून तो विसर्जन झाल्यावर निघून गेला.

खोका उघडला तर त्यात फौज नव्हतीच. प्लास्टिकच्या चौकटी होत्या आणि त्यांना हात, पाय, मुंडकी, तलवारी सुट्या सुट्या लटकलेल्या. त्या कापून काढायला वेगळी पक्कड लागते म्हणे. ती बाजारात मिळेना. हार्डवेअरवाल्याने वायर कापायची पक्कड दिली. त्या पकडीने चौकटीबरोबर शिपायाचं मनगटही कापलं गेलं, म्हणून संचिता शेवटी नेलकटरवर आली. व्हिडिओतला दाढीवाला मुलगा प्रत्येक वाक्यात "फक्त एवढंच करायचं" म्हणायचा आणि त्या एवढंचमध्ये तिचा अख्खा शनिवार जायचा. नियमांच्या पुस्तकाचं तर विचारू नये. चाल म्हणजे काय ते कळायला अंतराचं पान वाचा, अंतर कळायला तुकडीचं, आणि तुकडी कळायला पुन्हा चालीचं. विद्यार्थ्याने प्रयोगवही अशी लिहिली असती तर तिने ती परत केली असती.

शिपायांच्या पायाखाली जमीन दिसावी म्हणून वाळू चिकटवायची असते. वाळूला मालवणात काय तोटा? तोंडवलीच्या किनाऱ्यावर गेली होती तेव्हा तिने पिशवी भरून आणली, चाळली, चिकटवली, वर रंग दिला. चार दिवसांत सगळ्या शूरवीरांच्या पायाखालून पाणी सुटलं आणि रंगाचे पोपडे निघाले. वाळू गोड्या पाण्याने धुवायची राहिली होती. मीठ हवेतलं पाणी ओढून घेतं, हे सांगायला रसायनशास्त्राची पदवी लागत नाही. ही गोष्ट तिने कॉलेजात कुणाला सांगितली नाही.

तरी ती नेटाने लागली, त्याला कारण होतं. तिचे वडील, दत्ताराम, पावसाळाभर एका खुर्चीत बसून होते. चाळीस वर्षं त्यांनी दशावतारी कंपनीत राक्षसपार्ट केला होता. गावोगावच्या जत्रांत रात्रभर तलवार फिरवत नाचायचं, बाकड्यावरून उडी घ्यायची आणि उजाडताना देवाच्या हातून मरायचं. त्या उड्यांनी उजवा गुडघा पार झिजला होता. शिमग्याच्या सुमारास कुडाळच्या हाडांच्या डॉक्टरांनी फोटो दिव्यासमोर धरून स्वच्छ सांगितलं होतं, गुडघा बदलायला हवा. बदलला की चालता येईल, जिना चढता येईल. उड्या मात्र बंद. नाही बदलला आणि आणखी एक हंगाम नाचलात, तर पाय वाकडा होऊन बसेल आणि मग आमच्याही हातात फार काही राहणार नाही.

"बघूया," दत्ताराम म्हणाले होते.

कंपनीचा मालक बाबली. त्याचा फोन आला, "यंदा उभो रवतलंस मा?" तर त्यालाही "बघूया". दवाखान्यातून तारखेसाठी फोन आला, "बघूया". गणपती गेले, दसरा गेला. तुळशीच्या लग्नानंतर हंगाम उभा राहणार. आणि आज, रविवारी सकाळी, बाबलीने निक्षून सांगितलं होतं, "सांजच्याक जाहिरात छापूक जातली. मी परत फोन करतंय. हो की नाय, एक काय ता सांग." 

"बघूया," दत्ताराम म्हणाले होते, आणि संचिताने चहाचा कप जरा जोरात ठेवला होता.

दुपारी जेवणं आटोपल्यावर तिने टेबल मांडलं. अर्ध्या करवंट्या पालथ्या घालून टेकड्या केल्या, चिऱ्याचे तुकडे म्हणजे पडका किल्ला. एका टोकाला तिचे सोललेल्या पायांचे शूरवीर आणि त्यांचा राजा. दुसऱ्या टोकाला बाबांचे राक्षस, सगळे राखाडी, रंगाविना. रंगवलेला होता तो फक्त त्यांचा सेनापती. त्याला दत्तारामांनी स्वतःच्या रंगपेटीतल्या बारीक कुंचल्याने रंगवलं होतं. डोळ्यांभोवती पांढऱ्या रेघा, कपाळावर तांबडा टिळा आणि सुळ्यांच्या वर भरघोस काळी मिशी.

"ह्येका मिशी खंय आसा पुस्तकात?" संचिताने तेव्हा विचारलं होतं.

"मिशी नाय तर राक्षस कसलो? बेडूक दिसता तो!"

आता ते खुर्ची पुढे ओढून बसले, दुखरा पाय लांब केला, सेनापतीला करवंटीवर चढवलं आणि घसा खाकरला. संचिताने डोळे मिटून घेतले.

"मी कोण?" दत्ताराम गरजले. "या त्रिभुवनात माझ्यासमोर शस्त्र उचलील असा वीर अजून कुठल्याही मातेच्या उदरी जन्माला आला नाही! हे क्षुद्र राजा, कोण तू? आणि माझ्या राज्याच्या सीमेवर तुझं काय काम?"

कुंपणापलीकडे कुणाची तरी गाय हंबरली.

"उत्तर दी मगे," ते आवाज खाली आणून म्हणाले.

"बाबा, ह्यो खेळ आसा. नाटक न्हय. तुझी चाल सांग."

"तुझो राजा मुको आसा? मी इतको इचारतंय आणि तो नुसतो उभो. असो राजा मी जल्मात बघूक नाय."

"तो राजा न्हय, प्लास्टिक आसा."

"म्हणानच हरतलो."

पण हरायचे ते बाबाच. गेले दोन रविवार त्यांचा सेनापती चांगला आडोशाला असायचा, अर्धी फौज हाताशी असायची, आणि मध्येच काय व्हायचं कोण जाणे, तो एकटाच शूरवीरांच्या घोळक्यात शिरायचा, लांबलचक भाषण ठोकायचा आणि मरायचा. राजा किंवा सेनापती मेला की खेळ संपला. संचिताला आधी वाटलं, नियम कळले नसतील. म्हणून तिने आज पुन्हा पहिल्यापासून समजावलं. नियम सांगताना तिची भाषा आपोआप वर्गातली व्हायची.

"चढाई करायची तर आधी जाहीर करायची. कोणावर जाणार ते मोठ्याने सांगायचं. मग फासे टाकायचे. पडतील तितके इंच पुढे जायचं."

"आणि इतक्यात पोचूक नाय तर?"

"तर नाही पोचलो. उघड्यावर उभं राहायचं आणि मार खायचा."

"मगे आधी फासो टाकून बघूया. पडतला तसा सांगतंय."

"तसं नाही चालत. आधी बोलायचं, मग फासे."

"बघूया तरी गो—"

"बघूया नाय!" संचिता ओरडली. फासे तिच्या हातून उडून पायपुसण्यावर पडले. "ह्या खेळात बघूया नाय! सगळ्यात तुझा बघूया! दाक्तराक बघूया, बाबलीक बघूया, माका बघूया! मी पायाच्या तारखेसाठी कॉलेजात रजा मागूची की नाय? प्रिन्सिपल इचारतत, मी त्यांका काय सांगू, बघूया?"

गुडघ्यावर दत्तारामांचा तळहात गोल गोल फिरत राहिला. संचिताने वाकून फासे गोळा केले. एक खुर्चीखाली गेला होता, तो काढताना तिचं डोकं टेबलाला आपटलं आणि किल्ल्याचा बुरूज पडला. तिने तो परत उभा केला.

खेळ पुढे सरकला. बऱ्याच वेळाने, तिचे शूरवीर डावीकडे गुंतले असताना, बाबांचा हात सेनापतीसाठी पुन्हा शिवशिवायला लागला. त्यांनी त्याला टेकडीवरून उचललं आणि घोळक्याच्या दिशेने नेलं.

"थांब," संचिता म्हणाली. "तू मुद्दाम हरतंस."

"मुद्दाम खंय? वेळ झाली."

"कसली?"

"राक्षसान मरूची." चहाची वेळ झाली म्हणावं इतक्या सहज ते म्हणाले. "रातभर नाचाचा आणि उजाडताना मराचा. राक्षस मरूक नाय तर लोक घराक कसे जातले?"

दोन रविवार संचिता नियम समजावत होती. चुकत होतं ते दुसरीकडेच. राक्षसांची फौज वाट्याला आली म्हणजे आपण हरायचं, हे त्या माणसाने पहिल्याच दिवशी गृहीत धरलं होतं, आणि इतकं सरळ गृहीत धरलं होतं की बोलून दाखवण्याचीही गरज त्यांना वाटली नव्हती.

"बाबा," ती सावकाश म्हणाली, "राक्षसान हरूक व्हया असा ह्या पुस्तकात खंयच लिवलेला नाय. दोघांक सारखीच संधी आसा."

"खंयच नाय?"

"खंयच नाय."

त्यांनी हात पुढे केला. तिने पुस्तक दिलं. इंग्रजी त्यांना वाचता येत नव्हतं, तरी त्यांनी ते पहिल्यापासून शेवटपर्यंत चाळलं, राक्षसांची चित्रं आली तिथे थांबून नीट निरखलं, आणि मिटून परत दिलं. मग सेनापतीला पुन्हा टेकडीवर ठेवलं. टेबलाकडे ते असे बघायला लागले, जसं काही ते आत्ताच मांडलंय. कोण कुठे आहे, मध्ये काय आहे, किती लांब आहे. तिचा राजा किल्ल्याच्या कोपऱ्याशी उभा होता, आणि त्याच्या बाजूला, तिचं लक्ष नसल्यामुळे, कुणीच नव्हतं.

"बोल," संचिता म्हणाली. "कोणावर?"

दत्तारामांनी ओठ ओले केले. भाषण केलं नाही.

"तुझ्या राजावर."

फासे पडले. संचिताने अंतर मोजायचा टेप धरला, वाकून पाहिलं, पुन्हा धरला. टेप ढिला सोडला असता तर पोचलं नाही म्हणता आलं असतं. तिने तो ताणून धरला. सेनापतीचा पाया राजाच्या पायाला नेमका टेकत होता.

"पोचलो," ती म्हणाली.

मारामारीचे फासे त्यांनी टाकले, मग तिने टाकले. तिचे इतके वाईट पडले की तिच्या तोंडून "शी!" निघालं. राजा आडवा झाला आणि त्याच्याही कोपराचा पांढरट जोड सुटून हात वेगळा झाला.

"मेलो?"

"मेलो. तू जिंकलंस."

दत्ताराम वाट बघत राहिले. संचिताच्या लक्षात आलं, ते खरोखरच पुढच्या कशाची तरी वाट बघतायत.

"आता काय?" त्यांनी विचारलं.

"काय नाय. खेळ संपलो."

"आणि राक्षस काय करता?"

"काय करतलो? घराक जाता."

"जितो?"

"जितोच."

त्यांनी सेनापतीला तळहातावर घेतलं आणि अंगठ्याने त्याच्या मिशीवरून हात फिरवला. "माका ह्या कधी सुचूकच नाय," ते म्हणाले. "मेल्यार सोपा आसता गो. पडाचा, मागे जावन रंग पुसाचो. जितो रवलेलो राक्षस खंय जाता, सकाळी उठान काय करता, ता माका कोणी कधी इचारूक नाय."

"चाय पिता," संचिता म्हणाली. तिचा राग अजून पुरता उतरला नव्हता. "पायावर नीट उभो रवता. बाजारात जावन स्वतः बांगडे आणता. आपल्या चेडवाक, माका, त्रास देणा नाय."

ते हसले नाहीत, पण नाकाने एक आवाज काढला.

टेबलाच्या कडेला ठेवलेला फोन थरथरला आणि करवंटीवर आपटत वाजू लागला. बाबली. दत्तारामांना कमी ऐकू येई म्हणून फोन नेहमी स्पीकरवर असायचा.

"दत्तारामा! छापखान्यात उभो आसंय. राक्षसपार्ट, दत्ताराम, असा घालू मा? बोल मेल्या, हो माणूस माझ्या तोंडाकडे बघता हा."

संचिता फासे डब्यात भरायला लागली, मुद्दाम एकेक, खडखड वाजवत. तो शब्द पुन्हा कानावर पडायला नको होता.

"आयकतंस मा?" बाबली ओरडला.

"आयकतंय." दत्तारामांनी सेनापतीला टेबलाच्या अगदी कडेला, स्वतःच्या बाजूला उभं केलं. "बाबली, माझा नाव घालू नको."

"काय? आवाज येणा नाय. डब्बो कसलो वाजता थंय?"

संचिताने डबा खाली ठेवला.

"माझा नाव घालू नको म्हणतंय," दत्ताराम म्हणाले, शेवटच्या रांगेपर्यंत पोचावं अशा, जत्रेतल्या आवाजात. "राक्षसाक दुसरो माणूस बघ. मी नाचूचंय नाय. मी पायाचा ऑपरेशन करून घेतंय."