एक्केचाळिसाव्या पानावरची केटली

मी एक जुनी कादंबरी आहे, मित्रांनो. माझे नाव सांगून काही उपयोग नाही. आमच्या जातीत सगळ्यांची नावे सारखीच असतात. कुणा उमरावाचे वचन, नाहीतर कुणा उमरावाची वाग्दत्त वधू. मुखपृष्ठेही सारखीच. एक बाई जिना उतरते आहे, तिचा झगा जिन्यात मावत नाही आणि मागे एक घोडा उभा आहे. घोडा जिन्यापाशी कसा आला, हे चित्रकाराला आजवर कुणी विचारलेले नाही.

माझ्या पोटात दोनशे वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. सेलिना नावाची गरीब शिक्षिका एका हवेलीत मुलांना शिकवायला जाते. हवेलीचा मालक लॉर्ड मॉर्डन लढाईवरून परतलेला, तापट, बोलताना एकच भुवई वर चढवणारा. दोघांचे मुळीच पटत नाही, म्हणजे त्यांचे लग्न होणार हे तुम्ही ओळखलेच असेल. मध्ये बर्फाचे वादळ आहे, हरवलेली अंगठी आहे आणि बागेत एक मुका म्हातारा माळी आहे. तो माळी खरा कोण, ते आताच सांगून टाकते, लक्षात ठेवा. तो सेलिनाचा मामा असतो.

मला मोठ्या टायपात छापले, कारण मी अधू डोळ्यांच्या वाचकांसाठी जन्मले होते. छापखान्यात शेजारच्या ढिगात तत्त्वज्ञानाची पुस्तके होती. ती माझ्याकडे पाहून नाके मुरडत. मुरडोत बापडी. मला लोकांनी वाचून वाचून खिळखिळे केले, हे भाग्य त्यांच्या वाट्याला आले असेल असे वाटत नाही.

माझी नेमणूक इंग्लंडातल्या यॉर्कशरच्या एका डोंगराळ खोऱ्यात, फिरत्या ग्रंथालयाच्या गाडीत झाली. दर पंधरवड्याला गाडी पुलाजवळ थांबायची आणि गावातल्या म्हाताऱ्या बायका पिशव्या घेऊन चढायच्या. माझ्यासारख्या कादंबऱ्यांचा त्या फडशा पाडायच्या. पण एक पंचाईत होती. आम्ही सगळ्या दिसायला एकीसारखी दुसरी. कोणती वाचली आणि कोणती राहिली, हे कळायचे कसे?

म्हणून त्यांनी एक युक्ती काढली होती. प्रत्येकीचे एक ठरलेले पान आणि तिथे पेन्सिलीने काढलेली तिची स्वतःची बारीकशी खूण. पुस्तक वाचून झाले की खूण करायची. नोरा ड्रायडेन कोपऱ्यात फुली मारायची. पोस्टातून निवृत्त झालेल्या एक बाई नवव्या पानाच्या आकड्याखाली रेघ ओढायच्या. आयव्ही मेटकाफ एक्केचाळिसाव्या पानावर, आकड्याच्या शेजारी, इवलीशी केटली काढायची. तोटी, झाकण, कडी, सगळे काही त्यात असे. गाडीत चढले की आधी आपले पान उघडायचे आणि खूण दिसली की पुस्तक परत फळीवर. ग्रंथालयाच्या पुस्तकावर लिहू नये, हे त्या बायकांना ठाऊक नव्हते असे नाही. पण त्यांच्या मते ते लिहिणे नव्हतेच.

आयव्हीने मला पहिल्यांदा घरी नेले तो दिवस मला आठवतो. तिचा नवरा हेडली जन्मभर शेतांची दगडी कुंपणे रचत आलेला. संध्याकाळी तो टेबलाशी बसून बटाटे सोलायचा आणि आयव्ही मला मोठ्याने वाचायची. सगळ्यांचे आवाज काढायची. मॉर्डनसाठी तर स्वतःची भुवईही वर चढवायची.

"आता हा तिला घोड्यावर घेणार बघ," हेडली म्हणायचा. "घोड्याला कुणी विचारलंय का?"

"तू बटाटे सोल. तुला काय कळतंय प्रेमातलं?"

"मला? मी तुला पावसात चार मैल चालत भेटायला यायचो."

"घोडा नव्हता ना, म्हणून चालत यायचास."

असे म्हणून ती हसायची आणि पुढचे पान उलटायची. हेडली थट्टा करायचा, पण आयव्ही पाणी प्यायला थांबली की त्याची सुरी थांबायची, हे मी पाहिले आहे. माझी शेवटची ओळ वाचून आयव्हीने डोळे पुसले आणि पेन्सिल घेतली. ती केटली मी दागिन्यासारखी मिरवली.

अशी बरीच वर्षे गेली. मग आयव्हीचे काहीतरी बिनसू लागले. चहात दोनदा साखर पडायची, चष्मा पावाच्या डब्यात सापडायचा. नोरा म्हणायची, "अगं, वय झालं आपलं!" आणि दोघी हसायच्या. गाडीत मात्र मला ते अगदी जवळून दिसत होते. आयव्ही मला फळीवरून काढायची, चित्रातल्या झग्यावरून बोट फिरवायची आणि नव्या नवलाईने म्हणायची, "अय्या, हे छान दिसतंय!" मग एक्केचाळिसावे पान उघडायची. केटली दिसली की चेहरा पडायचा.

"वाचलंय वाटतं हे."

दुसरे काढायची. त्यातही केटली. तिसऱ्यातही. साऱ्या फळीवर तिच्याच केटल्या होत्या. ती रिकामी पिशवी घेऊन उतरायची आणि, नोरा गाडीत सांगायची, घरी जाऊन खिडकीशी नुसती बसून राहायची. हेडली एकदा तिला म्हणालाही म्हणे, "वाचलेलंच आण ना पुन्हा."

"उष्टं कोण खातं?" ती म्हणाली. "आपलीच खूण आहे ना? मग वाचलंच असणार मी."

मित्रांनो, पुस्तकाला शेकडो पानांवर बोलता येते, पण हवे ते एक वाक्य बोलता येत नाही. 'बाई गं, तू मला वाचलेस खरे, पण तुला त्यातले काहीच आठवत नाही. मी तुझ्यासाठी कोरीच आहे, ने मला!' एवढेच मला सांगायचे होते. मी मुकी. ती मला फळीवर ठेवायची आणि मी तिच्या पाठीकडे बघत राहायचे.

त्या हिवाळ्यात गाडीवर ट्रेसी नावाची नवी बाई आली. कामाला वाघ. तिने आमची पाने चाळली, जागोजागी पेन्सिलीच्या खुणा पाहिल्या आणि कपाळावर हात मारला. कुणीतरी वात्रटपणा केला आहे असे तिला वाटले. खोडरबर घेऊन तिने फुल्या, रेघा, केटल्या सगळे साफ पुसून टाकले आणि वर ही खुशखबर स्वतःच सगळ्यांना दिली.

पुढच्या पंधरवड्याला पुलाजवळ नुसता गहजब.

"अगं बये, काय केलंस हे!" नोरा ओरडली. "माझी अख्खी फळी गेली!"

"अहो, पण पुस्तकं घाण झाली होती..."

"घाण? तो आमचा हिशेब होता, बाळ! आता मी काय सगळ्यांची लग्नं पुन्हा लावत बसू?"

या गोंधळात आयव्हीने मला उचलले. एक्केचाळिसावे पान उघडले. कोरे. तिचा चेहरा असा उजळला की मला माझे वयच विसरायला झाले.

त्या संध्याकाळी ती वाचायला बसली. हेडलीने पहिल्या पानालाच मला ओळखले, पण तो बटाटे सोलत राहिला. आयव्ही भुवई चढवत होती, हसत होती. वादळ आले, अंगठी हरवली. बागेतल्या माळ्यापाशी आल्यावर हेडली नेहमीसारखा थट्टेने म्हणाला, "मामा आहे तो तिचा."

आयव्हीने मला खाली ठेवले. "तुला कसं कळलं?"

"कसं म्हणजे? तूच तर..." तो थांबला.

"चोरून पुढचं पान बघितलंस ना? लबाडा! सगळी मजा घालवलीस."

हेडलीच्या हातातला बटाटा तसाच राहिला. तो तिच्याकडे बघत होता. ती खरेच रुसली होती. तिला खरेच काही ठाऊक नव्हते. "चुकलो, पोरी," तो म्हणाला. "वाच तू. मी आता गप्प बसतो." आणि तो त्यानंतर गप्पच बसला. ती रंगून वाचत होती आणि तो मान खाली घालून सोललेलाच बटाटा पुन्हा सोलत होता.

शेवटी तिने डोळे पुसले, केटली काढली, आणि गाडी आली तेव्हा मला परत केले. पण या वेळी हेडली तिच्याबरोबर गाडीत चढला. आयुष्यात पहिल्यांदा. ती ट्रेसीशी बोलत असताना त्याने पाठ फिरवली, मला उघडले, खिशातून खोडरबर काढले आणि तिची केटली पुसली. मग मला तिच्या हाताला लागेल अशा जागी ठेवले.

नोराने ते पाहिले. "हेडली मेटकाफ," ती हळूच म्हणाली, "तू आणि प्रेमकथा?"

"तिला वाचायला हवं गं काहीतरी," तो म्हणाला. नंतर नोरा मला हातही लावत नसे, दुसरीने उचलले तर म्हणायची, "ते ठेव. ते आयव्हीचं आहे."

असे किती पंधरवडे गेले कोण जाणे. ती केटली काढायची, तो पुसायचा. दरवेळी आयव्ही पहिल्यांदाच मॉर्डनवर चिडायची आणि पहिल्यांदाच त्याला माफ करायची. मला त्याचा आनंद होता, पण खरे सांगते, भीतीही होती. केटलीची तोटी हळूहळू वाकडी होत गेली. मग कडी राहून जाऊ लागली. एकदा तर नुसताच गोल आला. हे सगळे माझ्या अंगावर घडत होते आणि मी काहीही करू शकत नव्हते. हेडलीलाही दिसत होते. तो गोल पुसताना त्याचा हात जड झाला. दगड रचणारी बोटे ती. कागद आधीच झिरझिरीत झालेला. तो फाटला. माझ्या एक्केचाळिसाव्या पानाला भोक पडले.

फाटलेले पुस्तक गाडीत ठेवत नाहीत. ट्रेसीने भोकातून पलीकडची अक्षरे पाहिली, मग हेडलीच्या खिशातून डोकावणारे खोडरबर पाहिले. तिने माझ्या पहिल्या पानावर 'रद्द' असा शिक्का मारला. मला वाटले, संपले, आता रद्दी. पण तिने मला हेडलीच्या हातात दिले.

"हे आता आमचं नाही," ती म्हणाली. "घरी न्या, काका. आणि खोडरबर जरा मऊ घ्या."

तेव्हापासून मी त्यांच्या स्वयंपाकघरात राहते. खोडरबर लागलेच नाही. आयव्हीला ओळी सापडेनाशा झाल्या, तेव्हा हेडली वाचू लागला. तो वाईट वाचतो. उमराव आणि शिक्षिका एकाच आवाजात बोलतात, तो आवाज मेंढ्यांना हाकारण्याचा आहे. भुवई त्याला एकच चढवता येत नाही, दोन्ही चढतात. तरी आयव्ही ऐकत बसते. कधी ती त्याला नावाने हाक मारते, कधी नाही.

परवा शेवटचे पान झाले. तिने डोळे पुसले. हेडलीने एक्केचाळिसावे पान उघडून तिच्या हातात पेन्सिल दिली. "कर, पोरी. खूण कर."

"मी कशी करू? वाचलं तर तू," आयव्ही म्हणाली. "ज्यानं वाचलं त्यानं करायची असते."

सगळे विसरली होती, हे विसरली नव्हती. मग तिचे बोट त्या भोकावर थांबले.

"इथं काय होतं?"

"केटली होती. एका बाईची."

"पुसली कुणी?"

हेडलीने भोकाच्या कडा अंगठ्याने सारख्या केल्या. मग म्हणाला, "मी."

"हे चांगलं नाही केलंस हं," आयव्ही हलकेच म्हणाली. "आता त्या बिचारीला कसं कळणार, तिनं वाचलंय ते?"

मला उत्तर माहीत होते. ती केटली त्याने किती मायेने पुसली, हे माझ्याइतके कुणालाच माहीत नाही. पण मी मुकी. त्याने पेन्सिल घेतली आणि भोकाच्या शेजारी, दाबून दाबून, एक केटली काढली.

आयव्हीने ती निरखून पाहिली. "बदक छान काढलंयस," ती म्हणाली.

मित्रांनो, ग्रंथालयाच्या पुस्तकावर रेघोट्या मारू नका, हे तुम्हाला शाळेत शिकवतात. ते बरोबरच आहे; आम्हाला जपा. पण एखाद्या जुन्या पुस्तकात तुम्हाला पेन्सिलीची बारीकशी खूण दिसली, तर लगेच खोडरबर शोधू नका. कुणीतरी इथवर येऊन गेले आहे, एवढेच ती सांगत असते. आणि माझी गोष्ट संपवण्याआधी एक विनंती. तुमच्या घरात कुणी तीच गोष्ट पुन्हा पहिल्यांदा ऐकत असेल, तर माळी कोण ते सांगू नका.